रेघेपर्यंत पाणी

आमच्या काउंटरवर माझा सगळ्यात जास्त वेळ खाणारी वस्तू म्हणजे तीस मिलीची एक बाटली. तळाशी बोटभर पांढरट पावडर, लेबलवर एक आडवी रेघ किंवा बाण आणि टोपणावर उपडं बसवलेलं मापाचं झाकण. अमॉक्सिसिलिनचं ड्राय सिरप. इन्सुलिन न्यायला येणारी माणसं सगळं पाठ करून आलेली असतात, रक्तदाबाच्या गोळ्यांचे मिलिग्रॅम तोंडावर असतात. या बाटलीबद्दल मात्र विचारायचं काय, असंच बहुतेकांना वाटतं. पोरांचं अँटिबायोटिक आहे, पाणी घाला, चमचाभर पाजा.

त्यात लोकांचा फार दोष आहे असंही नाही. हे औषधच स्वभावाने गरीब आहे. जिवाणूच्या अंगाभोवती एक कडक भिंत असते. ती बांधण्याचं काम पेनिसिलिनच्या कुळातली औषधं बंद पाडतात. भिंत अर्धवट राहते आणि जिवाणू फुटून मरतो. आपल्या पेशींना अशी भिंतच नसते, त्यामुळे लेकराच्या शरीरात या औषधाला तोडायला फारसं काही सापडत नाही. जे काम उरतं ते संपवून मूत्रपिंडावाटे ते निघून जातं. पन्नास वर्षांहून जास्त काळ जगभरच्या मुलांना दिलं गेलेलं, स्वस्त, चवीला बऱ्यापैकी. पण गरीब स्वभावाच्या माणसाला घरात सगळे गृहीत धरतात ना, तीच गत या औषधाची झाली आहे. त्याच्या बाबतीत होणारा बहुतेक घोळ औषध करत नाही. तो बाटली दुकानातून निघाल्यापासून पोराच्या तोंडापर्यंतच्या प्रवासात होतो.

माझं मेडिकल चिंचवडला आहे आणि वडील पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये होते, म्हणजे आमच्या भाषेत 'एचए'त. सरकारने औषधनिर्मितीसाठी काढलेला देशातला पहिला कारखाना, स्थापना 1954 ची. यंत्रसामग्री युनिसेफची, तांत्रिक मदत जागतिक आरोग्य संघटनेची, आणि पुढच्याच वर्षी पेनिसिलिन तयार व्हायला लागलं. वडील फर्मेंटेशनला होते, म्हणजे टाक्यांमध्ये बुरशी वाढवून तिच्याकडून पेनिसिलिन काढून घेणाऱ्या खात्यात. बुरशी हे त्यांच्या तोंडी एखाद्या खोडकर पोराचं नाव असल्यासारखं यायचं: आज बुरशी नीट वागली, आज टाकी बिघडली. पण ते जे पेनिसिलिन बनवत, ते टोचायचंच औषध. पोटातल्या आम्लात त्याचा टिकाव लागत नसे. शिवाय त्याचा सगळा मारा काही ठराविक जिवाणूंवर. बाहेर जास्तीचा पडदा असलेल्या जिवाणूंपुढे त्याचं काही चालत नसे.

ती अडचण सुटली इंग्लंडात. सरे परगण्यातल्या ब्रॉकहॅम पार्क इथे बीचम कंपनीच्या प्रयोगशाळेत पेनिसिलिनचा मूळ गाभा सुटा मिळाला, 1959 साली ते जाहीर झालं, आणि मग त्या गाभ्याला हवी ती शेपटी जोडता येऊ लागली. 1961 साली अँपिसिलिन आलं. एका अमिनो गटामुळे ते त्या बाहेरच्या पडद्यातल्या छिद्रांमधून आत शिरू लागलं. डॉक्टर याला विस्तारित पल्ल्याचं पेनिसिलिन म्हणतात. 1972 साली त्याच रेणूवर आणखी एक छोटा गट बसवून अमॉक्सिसिलिन बाजारात आलं. ते पोटातून रक्तात कितीतरी चांगलं शोषलं जातं आणि जेवणाआधी-जेवणानंतर अशी कटकट नाही. वडिलांना याचं मोठं कौतुक होतं. "आमचं औषध सुईशिवाय जात नव्हतं, तुमचं स्ट्रॉबेरीच्या वासाने जातं," असं ते दुकानात बसून गिऱ्हाइकांना सांगायचे आणि गिऱ्हाईक गोंधळून माझ्याकडे बघायचं.

आता ही पावडर का, सरळ पातळ औषध का नाही, हा प्रश्न कुणी विचारला तर मला मनापासून आनंद होतो. पेनिसिलिनच्या रेणूत चार कोनांची एक ताणलेली कडी असते. सगळा जोर त्या कडीत. पाण्यात पडली की ती हळूहळू उघडायला लागते आणि उघडली की औषधाचं औषधपण गेलं. म्हणून कारखान्यातून ते कोरडं येतं आणि पाणी घातल्या क्षणापासून त्याचं घड्याळ सुरू होतं. आपल्याकडच्या बहुतेक बाटल्यांवर सात दिवस लिहिलेलं असतं. अमॉक्सिसिलिनला क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाची जोड दिलेली औषधं तर दमटपणालाही घाबरतात. ती मिसळल्यावर फ्रिजमध्येच ठेवायची. फ्रिज म्हणजे फ्रीझर नव्हे, हेही सांगावं लागतं.

पाणी घालण्यात इतके प्रकार असतील असं मला दुकान काढण्यापूर्वी वाटलं नव्हतं. एक गृहस्थ गळ्यापर्यंत भरून घेऊन आले होते. म्हणे, रेघेपर्यंत भरलं तर थोडंच होतं, पोराला पुरायला नको? औषध तेवढंच, पाणी जास्त. प्रत्येक चमच्यात डोस कमी. दुसऱ्या एका घरी प्रत्येक वेळी चमच्यात चिमूटभर पावडर आणि वर पाणी असा हिशेब चालला होता. काही जण उकळलेलं पाणी गरम असतानाच ओततात, कारण डॉक्टरांनी 'उकळलेलं' सांगितलेलं असतं आणि 'गार केलेलं' ऐकू आलेलं नसतं. खरी रीत साधी आहे. आधी बाटली तळहातावर आपटून पावडर मोकळी करायची. उकळून पूर्ण गार झालेलं पाणी रेघेच्या थोडं खाली येईल इतकं घालायचं, टोपण लावून जोरात हलवायचं. मग थांबायचं. फेस वर आलेला असतो आणि तो पाण्याची पातळी खोटी दाखवतो. फेस बसला की पातळी रेघेच्या खाली उतरलेली दिसते. तेव्हा उरलेलं पाणी बरोबर रेघेपर्यंत घालून पुन्हा हलवायचं. काही बाटल्यांसोबत पाण्याची प्लास्टिकची कुपी येते, ती असेल तर सगळा प्रश्नच मिटला.

आणि मग पाजताना प्रत्येक वेळी हलवायचं. हे विरघळत नाही, नुसतं तरंगतं. ठेवलेल्या ताकासारखं निवळतं: वर पाणी, खाली दाट. न हलवता पाजलं तर आधी पोराला बहुतांशी गोड पाणीच मिळतं आणि शेवटी शेवटी तळातला गाळ, नको तेवढं औषध घेऊन.

माझ्या डोक्याला खरा ताप देतात ते ड्रॉप्स. तान्ह्या मुलांसाठी हेच औषध थेंबांच्या बाटलीत येतं, आपल्याकडे बहुधा एका मिलीत 100 मिलिग्रॅम. सिरपमध्ये 5 मिलीत 125, म्हणजे एका मिलीत 25. चौपट फरक. नाव तेच, खोका जवळपास तसाच, रंगही तोच. थोरल्याचं सिरप चालू असताना धाकट्याला ड्रॉप्स लिहून दिले आणि घरात औषध पाजणारी माणसं दोन-तीन असली की झालीच गफलत. त्यात सिरपही दोन ताकदींचं, 125 आणि 250. डॉक्टर 'पाच मिली' सांगतात ते यांतल्या एका ठराविक बाटलीचे पाच मिली असतात. म्हणून मी खोक्यावर मार्करने मोठ्या अक्षरात पोराचं नाव, किती मिली आणि पाणी घातल्याची तारीख लिहून देते. एखाद्या वेळी जास्त गेलं तर बहुतेक मुलांना उलटी-जुलाबापलीकडे फारसं काही होत नाही, तरी डॉक्टरांना लगेच फोन करावाच. कमी गेलेलं मात्र कुणाच्या लक्षातच येत नाही. ताप उतरत नाही, आणि दोष औषधाला लागतो: "हे साधं औषध आमच्या बाळाला लागू पडत नाही."

चमच्याचं काय सांगावं! आमच्याच घरातले चहाचे चमचे मी एकदा सिरिंजने पाणी घालून मोजले. एकाही चमच्यात नेमके पाच मिली बसले नाहीत. काही बरेच कमी, आईचा जुना पितळी चमचा बराच जास्त. म्हणून झाकण किंवा सुई नसलेली सिरिंज. सिरिंज गालाच्या आतल्या बाजूला धरून हळूहळू सोडायची, घशात सरळ मारायची नाही. नाक दाबून तर मुळीच नाही. थोड्याशा दुधात मिसळलं तरी चालतं, पण अख्ख्या दुधाच्या बाटलीत ओतलं आणि बाळाने अर्धी सोडून दिली तर डोस किती गेला हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. पाजल्यावर लगेच भडाभडा ओकलं तर पुन्हा द्यायचं का, हे डॉक्टरांना विचारावं. विसरलेला डोस पुढच्या डोसाबरोबर दुप्पट करून देऊ नये.

डोस वजनावर ठरतो, वयावर नाही. आमच्या दाराशी वजनकाटा आहे तो एवढ्यासाठी. दोन वर्षांचं एक पोर नऊ किलोचं असतं, दुसरं चौदा किलोचं. शिवाय आजार कोणता त्यावरही आकडा बदलतो. कानाच्या संसर्गाला बऱ्याचदा दिवसाला किलोमागे 80 ते 90 मिलिग्रॅम देतात. साध्या संसर्गाला त्याच्या निम्मं पुरतं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाची मूत्रपिंडं अजून कच्ची असतात, त्यांचा हिशेब आणखी वेगळा. त्यामुळे मागच्या वर्षीची चिठ्ठी दाखवून "हेच द्या ताई, तेव्हा बरं वाटलं होतं" म्हणणाऱ्यांना मी नाही म्हणते. माझ्यावर रागावून लोक पुढच्या दुकानात जातात, आणि तिथे त्यांना मिळतं, हेही मला ठाऊक आहे. या औषधाच्या लेबलवर उभी लाल रेघ असते. चिठ्ठीशिवाय देऊ-घेऊ नये म्हणून. 2016 साली सरकारने त्या लाल रेघेची मोहीमही काढली होती. रेघ अजून आहे, मोहीम कुठे गेली कुणास ठाऊक.

एक हिशेब तर फारच थोडे जण करतात. समजा चिठ्ठीत पाच मिली, दिवसातून तीनदा, पाच दिवस असं आहे. म्हणजे पंच्याहत्तर मिली. बाटली तीस मिलीची. ती दोन दिवसांत संपते. 'एक बाटली म्हणजे एक कोर्स' हा समज इतका पक्का आहे की बाटली रिकामी झाली की उपचार झाला असंच घरी धरलं जातं. मी तीन बाटल्या ठेवल्या की समोरचा माझ्याकडे संशयाने बघतो. मेडिकलवाली बाई खपवायला बसलीय! मग हिशेब कागदावर मांडून दाखवते. आणि बजावते की तिन्हींत आजच पाणी घालू नका, एक संपली की दुसरी.

किती दिवस द्यायचं यावर माझ्या शिक्षणाच्या काळात एकच उत्तर होतं: कोर्स पूर्ण करा, नाहीतर जिवाणू निर्ढावतील. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंगनेही 1945 च्या नोबेल भाषणात अपुऱ्या डोसाचा धोका सांगितला होता. पण मधल्या काळात डॉक्टरांनी 'पूर्ण' म्हणजे किती हे तपासून पाहिलं. मुलांच्या सौम्य न्यूमोनियात अमॉक्सिसिलिन तीन दिवस आणि पाच दिवस देऊन भारतातल्याच रुग्णालयांत तुलना झाली. 2004 साली ती प्रसिद्ध झाली आणि तीन दिवसही तेवढेच गुणकारी ठरले. उलट स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जिवाणूने घसा धरला असेल तर दहा दिवस द्यायचे ते द्यायचेच, कारण तिथे भीती घशाची नसून पुढे येणाऱ्या संधिवाताच्या तापाची आणि त्यातून निकामी होणाऱ्या हृदयाच्या झडपांची असते. आईवडिलांना बाहेरून हा घसा आणि साध्या सर्दीचा घसा सारखेच दिसतात. म्हणून दिवस डॉक्टरांनी ठरवावेत, बाटलीने नाही आणि तिसऱ्या दिवशी उतरलेल्या तापानेही नाही.

मुळात लागतं का, हा प्रश्न खरं तर सगळ्यांत आधी यायला हवा. पावसाळ्यात दुकानासमोर छत्र्यांची रांग लागते, आणि त्यातल्या बहुतेक शेंबड्या नाकांना अँटिबायोटिकची काडीची गरज नसते. सर्दी विषाणूंची, त्यांना भिंतच नाही, तर पाडायची कुठली? शेंबूड हिरवा झाला म्हणून जिवाणू शिरले असंही नाही, सर्दी उतरणीला लागतानाही तो हिरवा होतो. खरं बघायचं ते श्वासाकडे. बाळ शांत असताना, रडत किंवा पीत नसताना, पोटावरचं झबलं वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आत 60 किंवा जास्त, वर्षाच्या आत 50 किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त असतील तर डॉक्टरांकडे जायचं. श्वास आत घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, आपल्याकडे म्हणतात तसं पोट उडत असेल, बाळ अंगावर पीत नसेल, तर वाट बघायचीच नाही.

हे मोजणं काही शहरी डॉक्टरांची मिरास नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस गावातल्या माणसांना आणि सुइणींना मुलांचा न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवलं. ज्या सुइणींना आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी मणी सरकवून श्वास मोजायचं एक साधन तयार केलं. 1990 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते काम छापून आलं: मुलांचे मृत्यू घटले होते. तेव्हाचं औषध कोट्रायमॉक्साझोल होतं. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने घरी उपचार करता येईल अशा न्यूमोनियासाठी अमॉक्सिसिलिनला पहिली पसंती दिली, तीही पाण्यात विरघळणाऱ्या गोळीच्या रूपात: किलोमागे 40 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात गोळी विरघळवायची आणि पाजायची. ना रेघ, ना फेस, ना फ्रिज. मला विचाराल तर अर्ध्याअधिक घरांसाठी ही गोळीच बरी. पण सिरपाची गोडी आणि बाटलीचा रुबाब गोळीला नाही; डॉक्टर लिहीत नाहीत, पालक मागत नाहीत.

पालक मागतात ते 'पॉवरफुल' औषध. अझिथ्रोमायसिन, सेफिक्झिम ही नावं आता आज्यांनाही पाठ आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 पासून अँटिबायोटिक्सचे तीन गट केलेत आणि ही दोन्ही 'जपून वापरा' या गटात पडतात. अमॉक्सिसिलिन पहिल्या गटात, म्हणजे जे आधी वापरावं आणि सगळीकडे मिळावं असं. दुकानदार म्हणून कबूल करायला हरकत नाही की महाग औषधात आम्हाला चार पैसे जास्त सुटतात. तरीही सांगते, जिथे अमॉक्सिसिलिन पुरतं तिथे डॉक्टरांनी ते लिहिलं तर त्यांना हलक्यात काढू नका. ते डॉक्टर विचार करून लिहिणारे आहेत.

राहता राहिली ॲलर्जी, आणि हा भाग नाजूक आहे. औषध दिल्यापासून तासाभरात अंगावर खाजणाऱ्या गांध्या उठल्या, ओठ-पापण्या सुजल्या, श्वासात शिट्टी वाजू लागली, बाळ गळून गेलं, तर क्षणाचाही विचार न करता जवळचं हॉस्पिटल. ही खरी ॲलर्जी, आणि ती जिवावर बेतू शकते. पण पाचव्या-सातव्या दिवशी अंगभर उठणारं बारीक, चपटं, लालसर पुरळ, पोर मजेत खेळतंय, ताप नाही, हे बहुतेक वेळा तसलं नसतं. अनेकदा मूळ विषाणूचंच ते पुरळ असतं. एका विशिष्ट विषाणूच्या तापात, ज्यात गळ्याच्या गाठी सुजतात, अमॉक्सिसिलिन दिलं की बऱ्याचदा पुरळाने अंग भरून येतं. तरी अशा वेळी पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना दाखवायचं. मोबाइलवर फोटो काढून ठेवला आणि कितव्या डोसानंतर काय झालं हे टिपून ठेवलं तर त्यांना फार उपयोग होतो. नुसते पातळ जुलाब म्हणजे ॲलर्जी नव्हे. ते या औषधाने होतातच. ओआरएस पाजत राहायचं, रक्त पडलं किंवा पोर सुकलं तर दाखवायचं.

'पेनिसिलिन चालत नाही' असा शिक्का बसलेल्या मुलांची तज्ज्ञांनी नीट तपासणी केली तर दहातल्या नऊहून अधिक मुलांना ते चालतं, हे आता बऱ्याच देशांत दिसून आलंय. शिक्का मात्र जन्मभर राहतो आणि प्रत्येक आजारात पोराला दुसऱ्या, जड औषधांकडे ढकलतो. आमच्या गल्लीतल्या एका मुलाच्या फाइलवर तान्हेपणीच्या पुरळापायी असं लाल शाईने लिहिलेलं होतं. यंदा त्याच्या नव्या डॉक्टरांनी सगळा इतिहास विचारला, दवाखान्यात समोर बसवून आधी थोडं, मग पूर्ण औषध देऊन बघितलं, आणि काहीच झालं नाही. घरी कुणीही परस्पर करून बघायची ही गोष्ट नाही, दवाखान्यातच व्हायची. फाइलवरचं लाल अक्षर डॉक्टरांनी खोडलं, खाली सही आणि तारीख घातली.

आजींच्या मनातलं अजून खोडलं गेलेलं नाही. परवा त्याचा घसा धरला तेव्हा आजीच चिठ्ठी घेऊन आल्या. खोका डोळ्यांजवळ धरून बराच वेळ नाव वाचत राहिल्या.

"अगं, हे ते पुरळवालं नव्हे ना?"

"तेच आहे आजी. दहा दिवस द्यायचंय."

"मग तू लिहून दे त्याच्यावर, की तू सांगितलंस म्हणून."

मी खोक्यावर नाव, मिली आणि 'दहा दिवस' असं लिहिलं. डॉक्टरांचं नाव चिठ्ठीवर होतंच. आजींचा त्यावर विश्वास बसला नाही. माझी सही घेऊनच गेल्या.